असल्यास, त्याची कारणे काय?

"आपण अविवाहित आहात, हे खरे आहे काय?"

मी खोली बघायला गेलो होतो. समोर धोतर, काळा कोट आणि अनवाणी पाय अशा थाटात साठीचा एक माणूस उभा होता. मी म्हणालो, होय.

"असल्यास, त्याची कारणे काय?"

कारणं काय सांगणार? अजून जमलं नाही, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला. "सदर बाबतीत कोणती उपाययोजना करण्यात आली वा येत आहे?" मी म्हणालो, मामा बघून राहिलेत. या उत्तराने त्यांचं समाधान झालेलं दिसलं, कारण त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, साहेबाची चिठ्ठी मागितली नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही कारकून मंडळी नांदेडहून, उस्मानाबादहून, कुठून कुठून येऊन पडलो. खोल्या मात्र होत्या तेवढ्याच होत्या. एक वेळ बायको मिळेल पण खोली मिळणार नाही असं लोक म्हणत, आणि माझ्यापाशी दोन्ही नव्हतं. त्यामुळे घरमालक चक्रम आहे हे पहिल्या तीन वाक्यांत कळूनही मी दुपारी वळकटी घेऊन हजर झालो.

गावात त्यांना 'माजी' म्हणत. माजी आमदार या शब्दातला आमदार झिजत झिजत गेला आणि माजी तेवढा शिल्लक राहिला. 'माजी बाजारात गेलेत', 'माजींची म्हैस व्याली', असं सर्रास बोललं जाई. काही नवखे लोक हा शब्द 'माज'वरून आला असावा असं समजत. मी त्यांना दोष देणार नाही.

उदगीरकडच्या एका खेड्यातला हा माणूस एकदाच, एकाच मुदतीसाठी निवडून गेला होता. तिथे जाऊन बाकीचे लोक जे करतात ते त्याने काहीच केलं नाही. त्याने नियमांचं पुस्तक पाठ केलं. आता पुस्तक पाठ असलेला माणूस घरात असला तरी त्रासच असतो, सभागृहात तर विचारायलाच नको. बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला मध्येच थांबवून हरकतीचा मुद्दा घ्यायचा आणि तोही बहुतेक वेळा आपल्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी प्रश्न टाकला होता की, खडी फोडायच्या कामावर बायामाणसांना प्यायला पाणी मिळत नाही हे खरे आहे काय. मंत्री त्यांच्याच पक्षाचे. ते उठून म्हणाले, खात्याकडून माहिती मागवली आहे, आली की सांगतो. यावर माजी उभे राहिले ते बसेचनात. "अध्यक्ष महाराज, खातं इथं बसत नाही, मंत्री बसतो. जो बसतो त्यानं उत्तर द्यावं." सभागृह हसलं, मंत्री हसले नाहीत. पाण्याचे टँकर पुढच्याच आठवड्यात आले आणि माजींचं तिकीट पुढच्याच निवडणुकीत गेलं.

ही हकीकत ते स्वतः सांगत तेव्हा टँकरांचा उल्लेख ओझरता असे. त्यांना खरा आनंद होता तो मंत्र्याला बसू न दिल्याचा.

असा माणूस परत येऊन घरात बसतो तेव्हा काय करतो? घराचं सभागृह करतो. अंगणात मधोमध आड, भोवती आम्ही पाच-सहा बिऱ्हाडं, आणि दर रविवारी सकाळी अधिवेशन. माजी पीठासीन. पीठ म्हणजे एक हात मोडलेली लाकडी खुर्ची. प्रत्येक कामाला एक मंत्री नेमलेला: दिवाबत्ती, सफाई, पाणी. संडासातला बल्ब गेला तर दिवाबत्तीमंत्र्यांनी रविवारी उभं राहून निवेदन करायचं. मी आल्या आल्या दिवाबत्ती माझ्या गळ्यात पडली, आणि एकदा मी 'बल्ब दुकानात नाही' असं सांगितलं तेव्हा कोणत्या दुकानात, कधी विचारलं, आणि दुकानदाराचे नेमके शब्द काय होते, हे सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. मी गेलोच नव्हतो हे ओघाने बाहेर पडलं. त्या दिवसापासून मी खोटं बोलायचं असलं तर कचेरीत बोलत असे.

एकमेकांशी थेट बोलायला मनाई होती. जे काय असेल ते अध्यक्ष महाराजांना उद्देशून. त्यामुळे दोरीवरच्या कपड्यांवरून भांडणाऱ्या दोन बायका एकमेकींकडे जळजळीत बघत, पण बोलत माजींशी. "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांनी माझ्या लुगड्यावर आपलं ओलं पांघरूण टाकलं." "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांचं लुगडं पांघरुणाच्या लायकीचंच हाय." एवढं वळण घेऊन बोलायचं म्हटलं की भांडणातला अर्धा जीव जातो, हे मी तिथे शिकलो. शिव्या असंसदीय. निलंग्याच्या एका बाईंनी एकदा चलाखी करून कानडीत शिवी हासडली. माजींना कानडी येत होतं. त्यांनी ती शिवी जशीच्या तशी, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी उच्चारली आणि म्हणाले, "ही कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे." दुसऱ्या दिवसापासून ती अंगणातल्या सगळ्या पोरांच्या तोंडी झाली.

त्यांची बायको या सगळ्यात नसे. तिला सगळेच अक्का म्हणायचे, माजीसुद्धा. रविवारी ती आतल्या चुलीपुढे भाकरी थापत बसलेली असायची, आणि अधिवेशन लांबलं की आतून भाकरी थापल्याचा आवाज वाढायचा. यापलीकडे तिने कामकाजात भाग घेतल्याचं मला आठवत नाही.

आमच्यात सोनकांबळे नावाचं एक जोडपं होतं. ते जिल्हा परिषदेत वरिष्ठ लिपिक, बाई शाळेत शिक्षिका. मराठवाड्यात त्या दिवसांत आडनाव ऐकलं की खोली 'कालच गेलेली' असे. त्यांनी तसल्या बऱ्याच कालच गेलेल्या खोल्या पाहिल्या होत्या. माजींनी त्यांना विचारलं, आपण विवाहित आहात हे खरे आहे काय, आणि किल्ली दिली. सोनकांबळे हे एरवी कमी बोलणारे गृहस्थ, पण हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. "घटना वाचलेला माणूस हाय," ते म्हणायचे. बाईंचा आवाज खणखणीत म्हणून माजींनी त्यांना उपाध्यक्ष केलं आणि सोनकांबळ्यांना पाणीखातं दिलं.

पाणीखातं म्हणजे त्या वर्षी सगळ्यात वाईट खातं. पाऊस दोन वर्षं रुसलेला, नळ म्हणजे सणासारखा, आला तर आला. सगळी मदार अंगणातल्या आडावर. त्याचंही पाणी इतकं खाली गेलं होतं की पोहरा सोडला की तो पोचल्याचा आवाज यायला वेळ लागे. सोनकांबळ्यांनी पाळ्या लावल्या. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी एक, लहान मूल असेल तर कळशी जास्तीची. हिशेब सरळ होता आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

कोपऱ्यातल्या बिऱ्हाडात ट्रेझरीतले एक साहेब राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही ट्रेझरीवाल्या काकू म्हणत असू. काकूंनी एका सकाळी तिसरी घागर भरायला पोहरा सोडला. सोनकांबळ्यांनी रहाटावर हात ठेवला आणि नम्रपणे सांगितलं, "काकू, दोन झाल्या." तोवर वर्षभर त्या आडाचं पाणी सगळे पीत होते आणि सोनकांबळ्यांची जात कुणाला आठवली नव्हती. तिसरी घागर अडली आणि आठवली.

उघड कुणी काही बोललं नाही. काकूंना म्हणे ते पाणी घशाखाली उतरेना. मग शेजारच्या बिऱ्हाडालाही उतरेना. रविवारच्या सभेत मात्र सगळे गप्प, कारण सभेत बोलायचं म्हणजे 'हे खरे आहे काय' असं विचारावं लागणार, आणि हे तसं विचारण्यासारखं नव्हतं. कुजबुज दुपारी चाले, माजींच्या ओसरीवर. आम्ही खोली सोडतो, असं दोन बिऱ्हाडांनी सांगितल्याचं माझ्याही कानावर आलं.

त्याच दिवसांत गावात दुसरी एक चर्चा होती. जिल्हा नवा, तेव्हा जिल्हा परिषद नवी, तेव्हा माणसं लागणार, आणि माजींना या खेपेला तिकीट मिळणार. पक्षाची दोन माणसं जीपमधून येऊनही गेली. जाताना सांगून गेली की मालक, तेवढं घरात-दारात काही भानगड नको. माजींनी कोटाला इस्त्री करून घेतली. तिकीट मिळालं नाही, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकायला नको.

एका संध्याकाळी माजी सोनकांबळ्यांच्या दारात गेले. माझी खोली लागून होती, त्यामुळे मी ऐकलं. आवाज अगदी मऊ होता. "सोनकांबळे, तुम्ही दिवसभर कचेरीत राबता. बाई शाळेत. उद्यापासून तुम्ही आडावर यायची तसदी घेऊ नका. आमचा गडी तुमच्या घागरी भरून दारात आणून ठेवील. पाणीखातं मी दुसऱ्याकडं देतो."

सोनकांबळे म्हणाले, "बरं."

आपल्याकडे काही गोष्टी इतक्या अदबीने होतात की झालेलं कळायलाच वेळ लागतो. मला वाटलं, म्हातारा प्रेमळ आहे. दोन-तीन दिवस गडी घागरी आणून ठेवत होता आणि मी मनातल्या मनात हेवा करत होतो. मग एकदा सकाळी बाई दारात उभ्या दिसल्या. गडी भरलेली घागर उंबऱ्याबाहेर ठेवून, उंबऱ्याला न शिवता, चार पावलं मागे सरकला. बाई त्या घागरीकडे बघत होत्या. मला तेव्हा कळलं. हे काही नवीन नव्हतं, फार जुनं होतं. आपण शेंदायचं नाही, लांब उभं राहायचं, दुसऱ्याने आणून दिलं की घ्यायचं. बाईंच्या आजीने हेच केलं असणार. फक्त आजीला कुणी 'तसदी घेऊ नका' म्हणालं नसेल. मला माजींचा संताप आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

रविवारी अधिवेशन भरलं. माजींनी विचारलं, "प्रश्न?" बाई उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महाराज, तारांकित प्रश्न. या घरातल्या एका बिऱ्हाडानं आडावर येऊ नये, असं घरमालकांनी सांगितलं, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. माजी नियमाच्या आडोशाला गेले. "अध्यक्षांच्या वर्तनाबद्दल सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. प्रश्न अमान्य."

"मी अध्यक्षांना विचारतच नाही, अध्यक्ष महाराज. मी घरमालकांना विचारून राहिले. घरमालक या सभागृहात बसतात का?"

माजींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय झालं ते मी पाहिलं. हा माणूस भित्रा ठरला होता, पण नियमाच्या बाबतीत त्याला लबाडी करता येत नव्हती. ते सावकाश उठले. "हरकतीचा मुद्दा ग्राह्य आहे. पीठावर बसून उत्तर देता येत नाही. मी पीठ सोडतो." आता उपाध्यक्षांनी बसायचं. पण उपाध्यक्ष बाईच, आणि प्रश्न त्यांचाच. मग तालिका अध्यक्ष. म्हणजे दोघंही नसतील तेव्हा बसणारा तिसरा. असा कुणी नेमलेला आहे हे आम्हाला माहीतही नव्हतं. माजींनी घराकडे तोंड करून हाक मारली.

"अक्का."

अक्का बाहेर आली. हाताला पीठ होतं. केव्हातरी सुरुवातीला, यादी पुरी करायची म्हणून त्यांनी तिचं नाव घातलं होतं, आणि तिला ते सांगायचं राहून गेलं होतं. तिला खुर्ची दाखवली. ती म्हणाली, "मला काय रूल ठाव न्हाईत."

"बस तू."

ती बसली. पिठाचे हात मांडीवर ठेवून, अवघडून. माजी आमच्यात येऊन सतरंजीवर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोला नमस्कार केला असेल. "अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "हे अंशतः खरे आहे."

"अंशतः म्हंजी?" अक्काने विचारलं.

"म्हणजे... थोडंफार."

"थोडं खरं का थोडं खोटं?"

माजी म्हणाले, "बिऱ्हाडांच्या भावना लक्षात घेऊन आणि सदर सदस्यांना तसदी पडू नये म्हणून..."

"उपप्रश्न," बाई म्हणाल्या. "भावना इथं बसत नाहीत, अध्यक्ष महाराज. घरमालक बसतात. तसदी बाकीच्या बिऱ्हाडांना पडत नाही काय? त्यांच्या दारात गडी का जात नाही?"

माजींनी कोटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. पाण्याच्या प्रश्नावर एका मंत्र्याला ज्यांनी बसू दिलं नव्हतं ते आता स्वतः उभे होते आणि त्यांना कुणी बसायला सांगत नव्हतं. मग अक्का हळू, घरातल्या आवाजात बोलली.

"अवो, त्या बाईनं साधं इचारलंय. हाव म्हना न्हाईतर न्हाई म्हना. भाकरी करपून राहिली."

"होय," माजी म्हणाले. "हे खरे आहे."

"अन् कारन?"

"कारण एकच. तिकीट." ते जमिनीकडे बघत होते. "दोन बिऱ्हाडं सोडून गेली असती, बोभाटा झाला असता, तिकीट गेलं असतं. पाणी बाटतं असं मी मानत नाही. मानत नसून केलं. दुसरं कारण नाही, अध्यक्ष महाराज."

मी पुढे पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली, साहेब पाहिले, मंत्री पाहिले. इतकं सरळ उत्तर पुन्हा ऐकलं नाही. पण त्याने माझा राग कमी झाला असंही नाही. सरळ कबूल केलं म्हणून केलेलं पुसलं जात नाही.

अक्काला पुढे काय करतात ते माहीत नव्हतं. तिने हातांचं पीठ झटकलं आणि ती म्हणाली, "मग गडी बंद. ज्यानं त्यानं आपलं पानी आपन शेंदायचं. ज्याला उतरत न्हाई त्यानं तान्हेलं राहावं." एवढं बोलून ती उठली आणि आत गेली. खोली सोडायची भाषा करणाऱ्यांपैकी कुणीही सोडली नाही. सोडून जाणार कुठे? लातुरात खोल्या होत्या कुठे?

पाणीखातं परत घ्या असं माजींनी सोनकांबळ्यांना तिथेच विनवलं. सोनकांबळे म्हणाले, "खातं नको मालक. मंत्री व्हायला न्हाई आलो आम्ही, राहायला आलोय."

त्या संध्याकाळी माजी पुन्हा त्यांच्या दारात गेले. या खेपेला आवाज मऊ नव्हता, घोगरा होता. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, मला तुमच्या घरचं पाणी द्या." मी माझ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो, ते थांबवलं.

बाई म्हणाल्या, "आज न्हाई. आज घरात गड्यानं भरलेलं हाय, म्हणजे तुमच्याच हातचं. ते पिऊन काय होणार? उद्या आम्ही शेंदतो. उद्या या."

माजी परत गेले. ते उद्या येतील असं मला वाटलं नाही. संध्याकाळचा पश्चात्ताप सकाळपर्यंत टिकत नाही, आणि इथे तर रात्र मधे होती आणि जीपवाले पुन्हा यायचे होते.

सकाळी सोनकांबळे आडावर आले, दोन घागरी शेंदल्या आणि कचेरीला गेले. मीही गेलो. दिवसभर फायलींत लक्ष लागलं नाही. संध्याकाळी अंगणात पाऊल टाकतो न टाकतो तोच ट्रेझरीवाल्या काकूंनी मला कोपऱ्यात गाठलं. इकडे तिकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी माजी गेलते हो त्यांच्याकडं. सगळ्यांच्या देखत, उंबऱ्यावर बसून. अन् एक न्हाई, दोन पेले प्याले."